आधी आधार, मग भार

शिक्रापुरात चाकण रोडलगतच्या शेडमध्ये मी फ्रेमचं स्ट्रेस अ‍ॅनालिसिस करतो. नवीन पोरांना सॉफ्टवेअर शिकवताना सुरुवात मात्र पुलापासून. दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. पण गर्डरचं एक टोक पक्कं आणि दुसरं रोलरवर, हा विचार पूल बांधणाऱ्यांकडे होता. 30 मीटरचा पोलादी गर्डर 40 अंशांनी तापला की सुमारे 14 मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं जखडली, तर तो सगळा जोर खांबांवर येतो.

1956 मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या रचनेसाठी आधार आणि भाराचं हेच गणित रचनेचे छोटे तुकडे करून मांडलं. 1960 मध्ये क्लफनं त्याला ‘फायनाइट एलिमेंट’ म्हटलं. आधार दिल्याशिवाय हे गणित सुटतच नाही. वस्तू तीन दिशांना सरकते, तीन अक्षांभोवती फिरते. या सहाही वाटा अडवाव्या लागतात. पण गरजेपेक्षा जास्त अडवणं मला अधिक घातक वाटतं, कारण तेव्हा उत्तर मिळतं आणि पोरं त्यावर विश्वास ठेवतात. बोल्टच्या भोकाची अख्खी कड फिक्स केली, की स्क्रीनवर तिथं लालभडक ताण दिसतो. प्रत्यक्षात बोल्ट एकाच बाजूनं टेकलेला असतो.