परदेशात एलएलएम करायचंय? अर्ज भरण्याआधी सनदेचा हिशेब समजून घ्या

कायद्याची पदवी मिळाली, ऑल इंडिया बार परीक्षाही पास झाली. आता पुढे काय? एखाद्या सीनियर वकिलांकडे ज्युनिअरशिप करायची, न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी करायची, की परदेशात जाऊन एलएलएम करायचं?

तिसरा पर्याय निवडणाऱ्या अनेकांच्या मनात एक समज असतो. तिकडचं एलएलएम केलं की तिकडे वकिली करता येते, असा. प्रत्यक्षात एलएलएम ही शैक्षणिक पदवी आहे, वकिलीचा परवाना नाही. काही ठिकाणी त्या परवान्यासाठी एलएलएमची गरजच नसते आणि काही ठिकाणी चुकीचे विषय निवडले तर एलएलएम करूनही परवान्याच्या परीक्षेला बसता येत नाही. लाखोंचं कर्ज काढण्याआधी हा फरक कळायला हवा.

एलएलएम म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत वकील होण्यासाठी तिथले विद्यार्थी आधी कोणत्याही विषयात पदवी घेतात आणि मग तीन वर्षांची 'जेडी' करतात. एलएलएम हा साधारण एका शैक्षणिक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्यात बहुतांश विद्यार्थी इतर देशांतले कायद्याचे पदवीधर असतात. जेडीसाठी एलसॅटसारखी प्रवेश परीक्षा लागते, एलएलएमसाठी ती लागत नाही.

ब्रिटनमध्येही एलएलएम साधारण वर्षभराचंच असतं. ऑक्सफर्डमध्ये मात्र भारतीय पदवीधर 'बीसीएल'साठी अर्ज करतात. 'बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ' असं नाव असलं, तरी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

या बीसीएलचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये बीसीएलची परीक्षा दिली. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या त्या पहिल्या महिला. पण तेव्हा ऑक्सफर्ड महिलांना पदवी देत नव्हतं. त्यामुळे ती प्रत्यक्ष हातात पडायला १९२२ साल उजाडलं.

एलएलएम केलं की तिथे वकिली करता येते?

अमेरिकेत वकिलीचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. परदेशी वकिलांसाठी न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्यं महत्त्वाची मानली जातात.

न्यूयॉर्कमध्ये दोन गोष्टी तपासल्या जातात. अर्जदाराचं कायद्याचं शिक्षण कालावधीच्या दृष्टीने अमेरिकेतल्या शिक्षणाइतकं आहे का? आणि ते इंग्लिश कॉमन लॉवर आधारलेलं आहे का? भारताची कायदा व्यवस्था कॉमन लॉची आहे. त्यामुळे दोन्ही निकषांत बसणाऱ्या भारतीय पदवीधरांना एलएलएमशिवायही बार परीक्षेला बसता येऊ शकतं. यापैकी एका निकषात कमी पडलं, तर ती उणीव एलएलएमने भरून काढता येते. पण ते एलएलएम किमान २४ क्रेडिटचं असावं लागतं. वकिली व्यवसायाची आचारनीती, कायदेविषयक संशोधन व लेखन आणि अमेरिकन कायदा व्यवस्थेची ओळख हे विषय त्यात घ्यावेच लागतात, शिवाय बार परीक्षेतल्या विषयांचेही ठरावीक क्रेडिट लागतात.

गोची होते ती इथेच. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने वर्षभर फक्त मानवाधिकार आणि आंतरराष्ट्रीय लवाद हेच विषय घेतले. पदवी उत्तम मिळेल, पण त्या पदवीवर न्यूयॉर्कची उणीव भरून निघणार नाही. म्हणून न्यूयॉर्क स्टेट बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडून आपल्या पात्रतेची आगाऊ तपासणी करून घेणं शहाणपणाचं. परीक्षा पास झाल्यावरही ५० तासांचं मोफत कायदेविषयक काम केल्याचं दाखवावं लागतं.

कॅलिफोर्नियात वेगळा नियम आहे. ज्याच्याकडे दुसऱ्या देशाची वैध सनद आहे, तो वकील एलएलएम न करताही तिथल्या बार परीक्षेला बसू शकतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून 'एसक्यूई' ही परीक्षा आहे. भारतात सनद घेतलेल्या वकिलांना ती थेट देता येते आणि इतरांना लागणाऱ्या दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट त्यांना लागू होत नाही. इथेही एलएलएम बंधनकारक नाही.

भारतात परतल्यावर या पदवीचं काय?

वकिली करायची असेल, तर भारतातली सनद आणि बार परीक्षा पुरेशी आहे. परदेशी एलएलएममुळे कोर्टात वेगळा अधिकार मिळत नाही. मोठ्या लॉ फर्म, कंपन्यांचे कायदा विभाग, लवाद किंवा धोरण संशोधन अशा क्षेत्रांत मात्र तिचा उपयोग होऊ शकतो.

प्राध्यापक व्हायचं असेल, तर जास्त सावध राहावं लागेल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२० च्या नियमांनुसार परदेशातलं एक वर्षाचं एलएलएम भारतीय एलएलएमच्या बरोबरीचं धरलं जात नाही. नामांकित विद्यापीठातून ते केलं असेल आणि त्यानंतर भारतात एक वर्ष अतिथी अध्यापक म्हणून शिकवलं असेल, तर समकक्ष मानण्याची तरतूद त्यात आहे. या नियमांना सुप्रीम कोर्टात आव्हान देण्यात आलं होतं. त्यामुळे अर्ज करताना त्या वेळची स्थिती तपासणं गरजेचं आहे.

अर्जासाठी काय लागतं?

ट्रान्सक्रिप्ट : सर्व सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला उतारा. अमेरिकेतली बरीच लॉ स्कूल 'एलसॅक' या संस्थेमार्फत कागदपत्रं स्वीकारतात आणि तिथे ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच जावं लागतं. परीक्षा विभागात अर्ज केल्यापासून ते पाठवलं जाईपर्यंत किती वेळ लागेल हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं, म्हणून सुरुवात याच कामाने करावी.

गुण : आपल्याकडे कायद्यात ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. हे परदेशातल्या निवड समितीला माहीत असेलच असं नाही. टक्केवारीचं चार गुणांच्या जीपीएत स्वतः रूपांतर करू नये. त्याऐवजी विद्यापीठाची श्रेणीपद्धत आणि वर्गातला क्रमांक सांगणारं कॉलेजचं पत्र जोडावं. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड फर्स्ट क्लासच्या तोडीचे गुण मागतात.

शिफारसपत्रं : साधारण दोन ते तीन. निवृत्त न्यायमूर्तींचं पत्र मिळालं तर भारी, असं अनेकांना वाटतं. पण त्यांनी विद्यार्थ्याचं काम पाहिलेलं नसेल, तर ते पत्र मोघम होतं. ज्यांनी शिकवलं किंवा ज्यांच्याकडे ड्राफ्टिंग केलं, त्यांचं नेमकं पत्र जास्त उपयोगी पडतं.

निबंध : यालाच पर्सनल स्टेटमेंट म्हणतात. हार्वर्डच्या निबंधाचे दोन भाग असतात. एकात कायद्याच्या एखाद्या प्रश्नाचं विश्लेषण करायचं आणि दुसऱ्यात हे शिक्षण का हवं ते सांगायचं. 'लहानपणापासून न्यायाची आवड' अशा वाक्यांपेक्षा तालुका कोर्टात पाहिलेला जमिनीच्या वाटणीचा एखादा दावा आणि त्यातून पडलेला कायद्याचा प्रश्न जास्त बोलका ठरतो.

इंग्रजीची परीक्षा : टोफेल किंवा आयईएलटीएस. पदवीचं शिक्षण इंग्रजीतून झालं असेल, तर काही विद्यापीठं सूट देतात, काही देत नाहीत.

तयारी कधी सुरू करायची?

अभ्यासक्रम ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान सुरू होतात. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या लॉ स्कूलची मुदत आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या आसपास संपते. ब्रिटनमधली काही विद्यापीठं जागा भरेपर्यंत अर्ज घेतात. काही शिष्यवृत्त्यांची मुदत तर प्रवेश अर्जाच्याही आधी संपते. म्हणजे साधारण सव्वा ते दीड वर्ष आधी कामाला लागलेलं बरं.

खर्च किती आणि पैसे कुठून?

अमेरिकेतल्या आघाडीच्या लॉ स्कूलची वर्षाची फक्त ट्यूशन फी ७५ हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे ६० लाख रुपयांहून जास्त. राहणं, जेवण आणि आरोग्य विमा वेगळा. त्यामुळे शिष्यवृत्तीचा अर्ज हा प्रवेश अर्जाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

- चेव्हनिंग : ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी. दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. नंतर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं.
- फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप : अमेरिकेसाठी. पूर्णवेळ कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.
- राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती : महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी. उत्पन्न, गुण आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी बदलत असतात, म्हणून त्याच वर्षीची जाहिरात वाचावी.
- नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप : केंद्राची, अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय २०२२ च्या नियमांनी यातून वगळले. भारतातल्या प्रश्नांवर संशोधन करायचं असेल, तर हे आधीच तपासायला हवं.

पैशाअभावी शिक्षण अर्धवट राहण्याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. पैसे उभे करून ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले.

शिक्षणानंतर तिथे किती दिवस थांबता येतं?

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकल्यावर 'ओपीटी'खाली १२ महिने काम करता येतं. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी २४ महिन्यांची मुदतवाढ कायद्याच्या एलएलएमला सहसा लागू होत नाही. ब्रिटनच्या ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं थांबता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही मुदत १८ महिने केली आहे. म्हणजे 'तिकडेच नोकरी करून कर्ज फेडू' हा हिशेब फार थोड्या महिन्यांवर उभा असतो.

म्हणून विद्यापीठांची यादी करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढावं. पाच वर्षांनी वकिली कुठे करायची आहे? न्यूयॉर्क असेल तर विषय त्या हिशेबाने निवडावे लागतील. लंडन असेल तर कदाचित एलएलएमऐवजी एसक्यूईचा खर्च परवडेल. आणि उत्तर मुंबई, नागपूर किंवा औरंगाबाद खंडपीठ असेल, तर कर्जाचे हप्ते रुपयांत मिळणाऱ्या फीमधूनच फेडायचे आहेत. शिष्यवृत्तीशिवाय जायचं की नाही, हे त्या आकड्यावरूनच ठरवावं लागेल.