एकाच वाक्यातले शेजारी

केप टाऊनच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात रॉबेन बेट दिसते. नेल्सन मंडेला यांनी आपल्या सत्तावीस वर्षांच्या तुरुंगवासातील अठरा वर्षे या बेटावर काढली आणि ते जगाला ठाऊक झाले. पण या बेटाचा तुरुंग म्हणून इतिहास मंडेलांच्या कितीतरी आधीचा आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात केपला वसाहत केली, तेव्हापासून नको असलेली माणसे या खडकावर टाकली जात.

१७३५ साली याच बेटावरच्या दोन कैद्यांवर खटला चालला. एक क्लास ब्लँक नावाचा खोईखोई जमातीचा माणूस, दुसरा रायखार्ट याकोब्स हा डच खलाशी. दोघांमध्ये शरीरसंबंध असल्याचा आरोप होता. शिक्षा ठरली ती मृत्यूची. दोघांना एकत्र साखळीने बांधून टेबल उपसागरात बुडवण्यात आले.

पुढे सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, १७८० मध्ये, पूर्वेकडच्या तिदोर बेटाचे इमाम अब्दुल्ला यांना कैदी म्हणून याच रॉबेन बेटावर आणले गेले. लोक त्यांना तुआन गुरू म्हणत. कैदेत असताना त्यांनी केवळ स्मरणातून कुरआन लिहून काढले, अशी केपच्या मुसलमानांची श्रद्धेने जपलेली आठवण आहे. सुटकेनंतर त्यांनी बो-काप भागात जी मशीद उभी केली ती दक्षिण आफ्रिकेतील पहिली मशीद, अव्वल मशीद. डच कायद्याने इस्लामचे उघड आचरण आणि प्रसार यांवर बंदी घातली होती. तीही मृत्युदंडाचा धाक घालून. केपमध्ये धर्मस्वातंत्र्य मिळाले १८०४ साली.

या दोन गोष्टी एकत्र कोणी सांगत नाही. एक तुआन गुरूंच्या उरुसात सांगितली जाते, दुसरी समलिंगी चळवळीच्या पुस्तकांत. पण समुद्र तोच होता, कंपनी तीच होती आणि कायदाही तोच होता. एकाला १८०४ मध्ये मोकळा श्वास मिळाला, दुसऱ्याला १९९८ पर्यंत थांबावे लागले. मधल्या दोनशे वर्षांत काय घडले, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत कलम ३७७ आणले. दक्षिण आफ्रिकेत असे लिखित कलम नव्हते. डचांनी मागे ठेवलेला रोमन-डच कायदा इंग्रजांनी तसाच चालू ठेवला आणि पुरुषांमधील संबंधांचा गुन्हा त्यातून चालत राहिला. १९४८ नंतर वर्णभेदी राजवट आली. कोणी कोणाच्या शेजारी राहायचे, कोणी कोणाशी लग्न करायचे, हे सरकार ठरवू लागले. असे सरकार शयनगृहाच्या दाराशी थांबणे शक्यच नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये जोहान्सबर्गच्या फॉरेस्ट टाऊन भागात एका घरातील मेजवानीवर पोलिसांनी धाड घातली. शेकडो पुरुष तेथे जमले होते. त्याचा एवढा गाजावाजा झाला की संसदेची समिती नेमली गेली आणि १९६९ साली कायद्यात एक विचित्र दुरुस्ती झाली. 'मेजवानीत' पुरुषांनी परस्परांशी लैंगिक स्वरूपाचे वर्तन करणे हा गुन्हा ठरला, आणि मेजवानीची व्याख्या अशी की दोनपेक्षा अधिक माणसे हजर असलेला कोणताही प्रसंग! लष्करात सक्तीने भरती झालेल्या तरुणांना 'बरे' करण्यासाठी विजेचे झटके देण्याचे प्रकारही याच राजवटीत घडले.

या अंधारात सायमन न्कोली हे नाव येते. सोवेतोतला हा काळा तरुण वर्णभेदाविरुद्ध लढणारा कार्यकर्ता होता आणि समलिंगीही. १९८४ मध्ये त्याला अटक झाली. डेल्मास देशद्रोह खटल्यातील बावीस आरोपींपैकी तो एक. सोबत पोपो मोलेफे, मोसिउआ लेकोटा यांच्यासारखे नेते होते. तुरुंगात त्याने आपण कोण आहोत ते सहकाऱ्यांना सांगितले. प्रथम मोठी खळबळ झाली. त्याच्यामुळे खटल्याला बट्टा लागेल, त्याने वेगळा खटला चालवून घ्यावा, असेही काहींना वाटले. पण फाशीची टांगती तलवार सर्वांच्याच डोक्यावर होती. एकाच कोठडीत, एकाच भीतीखाली राहिलेली माणसे हळूहळू एकमेकांना ओळखू लागली. त्या सहवासातून आपण शिकलो, असे लेकोटा यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. १९८८ मध्ये न्कोली निर्दोष सुटला. ऑक्टोबर १९९० मध्ये जोहान्सबर्गच्या रस्त्यावर समलिंगींचा पहिला मोर्चा निघाला, तेव्हा तो आघाडीवर होता. मोर्चातल्या काहींनी डोक्यावर कागदी पिशव्या ओढल्या होत्या. नोकरी जाईल, घरचे ओळखतील, ही भीती होती.

स्वातंत्र्यलढा देणारा पक्षही आधीपासून शहाणा नव्हता. १९८७ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या एका ज्येष्ठ नेत्या लंडनमध्ये म्हणाल्या की समलिंगींचा प्रश्न हा आमचा प्रश्नच नव्हे. त्यावर टीका झाली. त्याच वर्षी थाबो म्बेकी यांनी पत्र लिहून पक्षाची भूमिका स्पष्ट केली की मुक्तीतून कोणी वगळला जाणार नाही. हा शब्द पाळला गेला. १९९४ पासून अमलात आलेल्या अंतरिम राज्यघटनेत आणि नंतर १९९६ च्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई करण्यात आली. जगातल्या कोणत्याही राज्यघटनेत ही गोष्ट प्रथमच लिहिली गेली.

ते कलम मुळातून वाचावे. वंश, लिंग, वर्ण, लैंगिक कल, वय, अपंगत्व, धर्म, सद्सद्विवेक, श्रद्धा, संस्कृती, भाषा, जन्म असे सारे शब्द एकाच वाक्यात एका ओळीने आले आहेत. ज्या वाक्याने अव्वल मशिदीतल्या नमाजीला संरक्षण दिले, त्याच वाक्याने क्लास ब्लँकच्या वारसांनाही दिले. एक शब्द खोडायचा म्हटले तर सारे वाक्यच सैल होते.

पुढचे काम न्यायालयांनी केले. ऑक्टोबर १९९८ मध्ये घटना न्यायालयाने रोमन-डच कायद्यातला तो जुना गुन्हा आणि १९६९ ची ती 'मेजवानी' दोन्ही रद्द केली. खटला लढणाऱ्या संघटनेच्या संस्थापकांत झॅकी अखमत होते, केपच्या मुस्लिम घरात वाढलेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला एड्सने न्कोलीचा मृत्यू झाला. दहा दिवसांनी अखमत आणि सहकाऱ्यांनी एड्सच्या औषधांसाठी नवी चळवळ सुरू केली. ही औषधे गरिबांना सरकारी दवाखान्यात मिळेपर्यंत आपणही घेणार नाही, असा पण करून आजारी अखमत वर्षानुवर्षे औषधाविना राहिले.

डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने ठरवले की परदेशी समलिंगी जोडीदाराला देशात राहण्याचा हक्क पतिपत्नीप्रमाणेच मिळाला पाहिजे. हे वाचताना भारतीय वाचकाला १९१३ साल आठवावे. त्या वर्षी केपच्या न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की मुस्लिम रिवाजाने झालेले लग्न हे कायद्याने लग्नच नव्हे, म्हणून हसन इसप यांच्या पत्नी बाई मरियम यांना देशात प्रवेशाचा हक्क नाही. एका रात्रीत दक्षिण आफ्रिकेतील हजारो हिंदी स्त्रिया कायद्याच्या नजरेत अविवाहित ठरल्या. गांधीजींच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह स्त्रिया तुरुंगात गेल्या, त्यामागे हा निकाल होता. आपले लग्न कायदा मानत नाही, आपले माणूस सीमेवर अडवले जाते, हे दुःख आपल्यालाही परके नाही. रत्नागिरी-रायगडहून केपला गेलेल्या कोकणी मुसलमानांच्या घराण्यांना तर ते अगदी जवळचे.

१ डिसेंबर २००५ रोजी फूरी खटल्यात न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी समलिंगींना विवाहाचा हक्क मान्य केला. वर्णभेदी राजवटीच्या हस्तकांनी ठेवलेल्या बॉम्बमध्ये १९८८ साली एक हात गमावलेला हा माणूस. नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेने कायदा केला आणि दक्षिण आफ्रिका असा विवाह मान्य करणारा आफ्रिकेतला पहिला आणि जगातला पाचवा देश ठरला. गंमत अशी की निकाहाचे कोडे तोवर सुटलेले नव्हते. शरियतप्रमाणे झालेल्या विवाहातील स्त्रियांना कायद्याचे संरक्षण नाकारणे घटनाबाह्य आहे, असा निकाल घटना न्यायालयाने दिला तो जून २०२२ मध्ये. त्याचाही आधार तेच नववे कलम होते.

मग सारे आबादीआबाद झाले का? नाही. कायदा पुढे गेला, वस्ती मागे राहिली. एप्रिल २००८ मध्ये राष्ट्रीय महिला फुटबॉल संघातून खेळलेल्या, समलिंगी असल्याचे न लपवणाऱ्या युडी सिमेलाने हिच्यावर क्वाथेमा येथे सामूहिक बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. काळ्या वस्त्यांतील समलिंगी स्त्रियांना 'सुधारण्यासाठी' बलात्कार करण्याची विकृती तिच्या मृत्यूने जगापुढे आली. गोऱ्या, सुखवस्तू जोडप्याला घटनेचा लाभ सहज मिळतो. झोपडीत राहणाऱ्या मुलीला पोलीस चौकीपर्यंतची वाटही धोक्याची असते.

आणि आता इमाम मुहसिन हेंड्रिक्स. केप टाऊनच्या धार्मिक घराण्यातला हा माणूस कराचीला दीनी शिक्षण घेऊन आला. लग्न झाले, मुले झाली, घटस्फोट झाला. १९९६ मध्ये, म्हणजे राज्यघटनेच्याच वर्षी, त्यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगितले. शिकवण्याचे काम सुटले. त्यांच्या गॅरेजमध्ये मुस्लिम समलिंगी मुले-मुली जमू लागली. आपण नमाज सोडायची की जीव सोडायचा, असा त्यांचा प्रश्न होता. हेंड्रिक्स त्यांना सांगत, दोन्ही सोडू नका. पुढे त्यांनी वाइनबर्ग भागात अशा लोकांसाठी मशीद चालवली. हजरत लूत यांच्या कौमचा अपराध जबरदस्ती आणि पाहुण्यांवरील अत्याचार हा होता, असा अर्थ ते लावत. उलेमांना तो मुळीच मान्य नव्हता. २०२२ मध्ये मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिलने समलिंगी संबंध इस्लामला मान्य नाहीत, असा फतवा दिला. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी गेबेर्हा या शहरात, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट एलिझाबेथमध्ये, मोटारीत बसलेल्या हेंड्रिक्स यांना तोंड झाकलेल्या मारेकऱ्याने गोळ्या घातल्या. कौन्सिलने मतभेद कायम ठेवून या हत्येचा निषेध केला.

तो निषेध महत्त्वाचा आहे. हेंड्रिक्स यांचा अर्थ पटावा, असा आग्रह कोणी धरू नये. पोथीच्या अर्थावरून वाद होत आले, होत राहतील. पण वादाचे उत्तर गोळीने दिले जाते तेव्हा फतव्याच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे दोघेही हरतात.

आपल्या देशातही या इतिहासाचे धागे आले आहेत. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ ची धार बोथट केली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या निकालाचा आधार घेतला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये पुन्हा मोकळीक दिली. विवाहाचा हक्क मात्र २०२३ मध्ये नाकारला. आफ्रिका खंडात आजही तीसहून अधिक देशांत असे संबंध गुन्हा आहेत. युगांडाने तर २०२३ च्या कायद्यात काही प्रसंगी मृत्युदंडही ठेवला. १७३५ चा समुद्र अजून आटलेला नाही.

अल्पसंख्य माणसाला राज्यघटना फार जवळची वाटते, कारण अडचणीच्या वेळी तीच हाताशी असते. मात्र ती वाचताना आपल्या शब्दापाशी थांबून पान मिटायचे, ही सवय आपल्याला लागली आहे. दक्षिण आफ्रिकेचे नववे कलम सांगते की शब्द शेजारी शेजारी आहेत. शेजारी आवडलाच पाहिजे असे नाही. पण त्याच्या घराला आग लागली की भिंत आपलीही तापते, हे बो-कापच्या जुन्या मशिदीला ठाऊक आहे.