चाकावरची खोली आणि मुक्कामाची जागा

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. "गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर बनवून घेतोय. आत दोघांची झोपायची सोय, मागे ओटा, पोरांना बाहेर तंबू. तू अमेरिकेत असल्या ट्रेलरमध्ये राहून आलायस ना? काय काय बघू सांग."

मी त्याला दोनच प्रश्न विचारले. सामान भरल्यावर वजन किती होणार? आणि रात्री तो उभा कुठे करणार? पहिल्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. दुसऱ्यावर म्हणाला, "बघू की, एखादा ढाबा, नाहीतर मोकळं रान."

हा दुसरा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी गावोगावच्या पुढाऱ्यांना पडला होता. त्याचं त्यांनी काय केलं, ते आपण वाचायला हवं, कारण आता तो आपल्या दारात येतोय.

१९१०-२० च्या काळात फोर्डच्या मॉडेल टी गाडीने मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. लोक तंबू, भांडी आणि डबाबंद अन्न गाडीत कोंबून बायकापोरांसह निघाले. रात्र झाली की कुणाच्याही शेतात, शाळेच्या आवारात मुक्काम. कुंपणं तुटायला लागली, विहिरीभोवती घाण व्हायला लागली. तेव्हा गावांनी शहाणपणा केला. गावाबाहेर एक मैदान ठरवलं, नळ दिला, संडास बांधले, चूल पेटवायची जागा करून दिली. तेही फुकट! हिशोब सरळ होता, मुक्कामी माणूस गावात पेट्रोल घेईल, किराणा घेईल. डेन्व्हरचं ओव्हरलँड पार्क तर यासाठी गाजलं होतं. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथं अशा हौशी प्रवाशांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटनाही काढली.

पण पुढे काय झालं? त्याच मैदानात कामाच्या शोधात निघालेली गरीब कुटुंबंही उतरायला लागली. गाडी तशीच, तंबू तसाच, फक्त खिसा रिकामा. मग विसाच्या दशकाच्या मध्यापासून गावांनी फी लावली, मुक्कामाचे दिवस ठरवून दिले. मैदान सांभाळायला पैसे लागतात हे खरंच, पण "नको ती माणसं" बाहेर राहावीत हाही हेतू होता, आणि तो फारसा कुणी लपवला नाही.

आता ट्रेलरची गोष्ट. १९२९ मध्ये डेट्रॉइटचे आर्थर शर्मन नावाचे जीवाणूशास्त्रज्ञ नवा कोरा तंबू-ट्रेलर घेऊन कुटुंबासह सहलीला गेले. काही मिनिटांत उघडतो, पाणी आत येत नाही, अशी त्याची जाहिरात होती. पाऊस आला आणि तो उघडता उघडता सगळं घर चिंब भिजलं. चिडून त्यांनी स्वतःच एक ट्रेलर करून घेतला. सहा फूट रुंद, नऊ फूट लांब, दाबलेल्या लगद्याच्या टणक फळ्यांच्या भिंती, आत कपाटं, शेगडी, बर्फाची पेटी. उघडायचं-मिटायचं काही नाही, दार लोटलं की घर. पोरांनी नाव ठेवलं 'कव्हर्ड वॅगन', म्हणजे छप्पर घातलेली गाडी. जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी तो ४०० डॉलरला मांडला आणि ११८ विकले गेले! १९३६ पर्यंत त्यांची कंपनी या धंद्यात देशात सगळ्यात मोठी झाली होती.

त्याच १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीमने चकचकीत ॲल्युमिनियमचा 'क्लिपर' १,२०० डॉलरला बाजारात आणला. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने 'ग्रीन बुक' छापायला सुरुवात केली. कृष्णवर्णीय कुटुंबाला प्रवासात कुठे जेवण आणि मुक्काम मिळेल, याची ती यादी. म्हणजे एकाच्या हातात किल्ली, दुसऱ्याच्या हातात यादी. रस्ता मात्र एकच.

ती वर्षं महामंदीची होती. घर गेलेली माणसं ट्रेलरमध्येच राहायला लागली आणि अनेक शहरांनी त्यांच्याविरुद्ध नियम केले. गंमत म्हणजे पुढे महायुद्धात कारखान्यांच्या कामगारांना घरं कमी पडली, तेव्हा सरकारनेच हजारो ट्रेलर विकत घेतले. काल जे गावाला नको होते, ते आज देशाला हवे झाले.

आता माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी मी मिशिगनला ताईकडे गेलो होतो. दाजींनी तीन रात्रींसाठी तेरा फुटी फायबरग्लासचा ट्रेलर भाड्याने घेतला आणि आम्ही पाच जण लडिंग्टन स्टेट पार्कला गेलो. एका बाजूला मिशिगन सरोवर, दुसरीकडे हॅम्लिन तळं, मधे वाळूच्या टेकड्या. हा तेरा फुटी प्रकार कॅनडातल्या विनिपेगचा. रे ओलेको यांनी १९६८ मध्ये 'बोलर' नावाने आणला. त्याआधी ते फायबरग्लासच्या सेप्टिक टाकीवर काम करत होते. तेच तंत्र, वरचा आणि खालचा असे दोन कवच जोडायचे. सांधे कमी, म्हणून गळती कमी.

पहिल्याच रात्री धो धो पाऊस. दाजी आणि मी बाहेर तंबूत होतो. मध्यरात्री पांघरुणं डोक्यावर घेऊन आत पळालो. पाच माणसं त्या खोलीत! भाचीने दिवा लावला, ताईने चहा टाकला, पत्ते निघाले. इतकं हसलेलं मला अलीकडे आठवत नाही.

पण सकाळी लक्षात आलं, मजा फक्त ट्रेलरची नव्हती. प्रत्येक जागेला नंबर, विजेचा खांब, चालत जाण्याच्या अंतरावर स्वच्छ संडास-न्हाणी, सांडपाणी ओतायची वेगळी जागा. हे सगळं सार्वजनिक उद्यानात, फी भरेल त्या कुणालाही.

मित्राला सांगितलेल्या गोष्टी तुमच्यासाठीही लिहितो. रिकाम्या ट्रेलरचं वजन धरू नका, पाणी, गॅस, भांडी भरून काट्यावर घाला आणि तुमची गाडी अधिकृतपणे किती ओढू शकते ते बघा. एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार जोडावर यायला हवा. भार मागे गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. आमचे आजोबा बैलगाडी भरताना ओरडायचे, "गाडी उलाळ करू नका रं!" शास्त्र तेच. जुना घेत असाल तर कोपरे दाबून बघा, वास घ्या. ओल धरलेला ट्रेलर स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो. आणि घेण्याआधी एकदा भाड्याने घेऊन सगळ्यांनी आत झोपून बघा. घरातली माणसं वैतागली, तर पैसे वाचले म्हणायचं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅनबरोबर कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे, ही चांगली गोष्ट. पण आपल्या घाटात रविवारी काय दिसतं? रस्त्याच्या कडेला गाड्या, बाया-पोरींना आडोसा नाही, ओढ्यात प्लास्टिक. चाकावरची खोली आली की यात रात्रीचं सांडपाणीही वाढेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक पर्यटन तालुक्यात ग्रामपंचायतीने एक मैदान ठरवावं. नळ, संडास, दिवा, सांडपाण्याची सोय, राखायला गावातलीच दोन माणसं. फी अशी ठेवा की तीस लाखांच्या गाडीवाल्याला भरायला लाज वाटू नये आणि टेम्पोत चूल घेऊन देवाला निघालेल्या कुटुंबाला भार वाटू नये. अमेरिकेतल्या गावांनी नळ आधी दिला आणि माणसं नंतर निवडली. आपण नळ देऊ, माणसं निवडायला नको.

मित्राचा ट्रेलर पुढच्या महिन्यात तयार होतोय. पहिला मुक्काम कुठे करायचा ते अजून ठरलेलं नाही. तुमच्या गावात अशी जागा निघू शकेल का? ग्रामसभेत एकदा विषय काढून तर बघा.