क्रीट : उत्तरवसंतातील प्रवास

ग्रीसच्या ताब्यातील सर्वांत मोठे व भूमध्य समुद्रातील पाचव्या क्रमांकाचे बेट. क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौ. किमी. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किमी. असून रुंदी कोठे ६०, तर कोठे जेमतेम १२ किमी. आहे. एजियन समुद्राची दक्षिण हद्द याच बेटाने आखली असून त्याच्या दक्षिण किनाऱ्यापासून थेट आफ्रिकेपर्यंत लिबियन समुद्र पसरला आहे. प्रस्तुत नोंदीत एप्रिलअखेरपासून जूनच्या आरंभापर्यंतच्या प्रवासाचाच विचार केला आहे. कारण बेट एकच असले, तरी मे महिन्यातले क्रीट आणि ऑगस्टातले क्रीट हे दोन निराळे मुलूख आहेत, असे म्हटल्यास ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

वैशाख म्हटला की करपलेली माळराने आणि तळ गाठलेल्या विहिरी ज्याच्या डोळ्यांसमोर येतात, त्या दख्खनच्या वाचकाने येथे प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. क्रीटचा पावसाळा हिवाळ्यात, साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात येतो आणि जून ते ऑगस्ट हे महिने बहुधा कोरडेच जातात. तेव्हा तेथील मे महिना आपल्या वैशाखाशी नव्हे, तर आश्विनाशी ताडून पाहावा. पाऊस नुकताच सरलेला, ओढे अद्याप वाहते, गवत पिवळे पडू लागलेले पण वाळलेले नाही, आणि डोंगरउतारांवर फुलांचा हंगाम ऐन भरात, असे त्याचे स्वरूप असते. भेद इतकाच, की याच वेळी ‘लेफ्का ओरी’ म्हणजे श्वेतगिरी या पश्चिमेकडील पर्वतराजीच्या माथ्यावर, आणि मध्यभागी २,४५६ मी. उंचीच्या प्सिलोरितिस शिखरावर, हिवाळ्यातील बर्फाचे पट्टे शिल्लक असतात, त्यामुळे खाली ऑलिव्हच्या बारीक पांढुरक्या फुलोऱ्यातून चालणाऱ्या प्रवाशाला मान वर करताच हिम दिसते.

बेटावरील वनस्पतींपैकी दहा टक्क्यांच्या आसपास जाती जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिक स्थितीत आढळत नाहीत. सामान्य प्रवाशाला मात्र अशा दुर्मिळ जातींपेक्षा ओळखीच्याच झाडांचे अधिक नवल वाटते: आपल्याकडे देवळाच्या आवारात जपून लावलेली कण्हेर येथे कोरड्या-ओल्या ओढ्यांच्या पात्रांत मोकाट वाढते आणि मेच्या उत्तरार्धात गुलाबी फुलांनी बहरून जाते. सुरणाच्या कुळातील एक जंगली कंदही याच सुमारास पडक्या भिंतींच्या आडोशाला फुलतो. त्याच्या फुलोऱ्याभोवतीचा गर्द जांभळा, हातभर लांबीचा महाछद दुरून राजवस्त्रासारखा शोभतो. जवळ गेल्यावर मात्र कुजलेल्या मांसाची दुर्गंधी येते, आणि त्या दुर्गंधीने फसून आलेल्या माश्यांकडूनच त्याचे परागण होते. त्याचे छायाचित्र घेऊ इच्छिणाऱ्याने श्वास रोखून धरलेला बरा.

या काळातील मुख्य आकर्षण समारियाची घळ. हिवाळ्यात लोंढ्यांच्या भयाने बंद असलेली ही वाट, हवामान अनुकूल असल्यास, मेच्या प्रारंभी खुली करतात. ओमालोसच्या पठारावरील क्सिलोस्कालो या सुमारे १,२०० मी. उंचीच्या स्थानापासून लिबियन समुद्रावरील आयिया रूमेली या गावापर्यंत ही उतरण सुमारे १६ किमी. भरते. आरंभी सरू व पाइन यांची दाट सावली आणि पायाखाली सुटे गोटे. पुढे १९६२ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर रहिवाशांनी सोडलेले समारिया हे गाव. आणि त्याहून पुढे, दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत येत जेथे वाटेची रुंदी अवघी तीन-चार मीटर उरते, ते ‘सिदेरोपोर्तेस’, म्हणजे लोखंडी दरवाजे. मे महिन्यात प्रवाहाला पाणी असल्याने तो दगडांवरून पुनःपुन्हा ओलांडावा लागतो, आणि नवख्याचे बूट एकदा तरी भिजतातच. क्री-क्री ही रानशेळी येथील प्रसिद्ध रहिवासी. प्राचीन काळी माणसांनी आणलेल्या पाळीव शेळ्यांची ती रानटी झालेली संतती असावी, असे तज्ज्ञांचे मत आहे. प्रवेशाचे तिकीट दुसऱ्या टोकाला पुन्हा दाखवावे लागते. हा जकातनाक्याचा सोपस्कार नव्हे. सायंकाळी घळीत कोणी मागे राहिला की काय, याची मोजदाद त्यावरून होते. आयिया रूमेलीला मोटारीचा रस्ता नाही. तेथून स्फाकिया अथवा सूयिया गाठायचे, ते बोटीनेच.

इराक्लिओ शहराजवळील क्नोसोस या प्राचीन राजवाड्याचे उत्खनन त्याच शहराचा व्यापारी मिनोस कालोकेरिनोस याने १८७८ मध्ये प्रथम केले. परंतु कीर्ती लाभली ती १९०० पासून तेथे काम करणाऱ्या आर्थर एव्हान्सला. त्याने सिमेंट-काँक्रीट व रंग वापरून केलेली पुनर्रचना आज राजवाड्याइतकीच पाहण्याजोगी, आणि वादग्रस्तही, ठरली आहे. तिच्या अभावी सामान्य प्रेक्षकास पायऱ्या व चौथरे यांपलीकडे काही उमगले नसते हे खरे, तथापि कल्पना कोठे संपते आणि पुरावा कोठे सुरू होतो, हे कळण्याची सोय तिने ठेवली नाही. केशराची फुले वेचणारा निळा बालक म्हणून पूर्ण केलेले भित्तिचित्र वस्तुतः वानराचे होते, हे पुढे निकोलाओस प्लाटोन यांच्या लक्षात आले. शेजारच्या थेरा बेटावरील भित्तिचित्रांतील तशाच निळ्या वानरांचे साम्य भारतीय उपखंडातील लंगुरांशी आहे, असे काही अभ्यासकांनी अलीकडे सुचविले आहे. क्नोसोसची मूळ चित्रे इराक्लिओच्या संग्रहालयात आहेत.

पुढील इतिहास येथे संक्षेपानेच नोंदविणे इष्ट. अरबांचा अंमल ९६१ मध्ये संपला. तेराव्या शतकापासून व्हेनिसच्या सत्तेखाली असलेले हे बेट, कांडिया (आजचे इराक्लिओ) शहराच्या एकवीस वर्षे चाललेल्या वेढ्याअंती, १६६९ मध्ये तुर्कांच्या हाती गेले. १८९८ मध्ये स्वायत्तता मिळाली व १९१३ मध्ये ते ग्रीसमध्ये विलीन झाले. मेच्या प्रवाशाला मात्र यापेक्षा अलीकडचा इतिहास भेटतो. २० मे १९४१ रोजी जर्मन सैन्य हवाई छत्र्यांनी येथे उतरले, आणि मालेमेचा विमानतळ पडल्यावर दोस्तसैन्याला स्फाकियाच्या किनाऱ्यावरून माघार घ्यावी लागली. क्नोसोसचा माजी अभिरक्षक जॉन पेंडलबरी, ज्याने हे बेट पायी पालथे घातले होते, तो याच लढाईत मारला गेला. सूदा उपसागराकाठी राष्ट्रकुलाची व मालेमेच्या टेकडीवर जर्मनांची दफनभूमी आहे. दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात खानिया परिसरात स्मरणसमारंभ होत असल्याने तेथील मुक्कामाचा बंदोबस्त आगाऊ करावा.

लोकजीवन पाहू इच्छिणाऱ्याने ऑर्थडॉक्स ईस्टरची तारीख आधी पाहावी. ती ४ एप्रिल ते ८ मे यांच्या दरम्यान फिरते व त्या आठवड्यात आगबोटी तुडुंब भरलेल्या असतात. आसी गोनिया या डोंगरी गावात संत जॉर्जच्या दिवशी, म्हणजे २३ एप्रिलला, आणि तो उपवासकाळात आल्यास ईस्टरनंतर, मेंढपाळ आपले कळप चर्चपाशी आणतात, तेथेच त्यांच्या धारा काढतात आणि ते दूध जमलेल्यांना वाटतात. परक्या पाहुण्यासही त्यातून वगळीत नाहीत. १ मेला घरोघरी दारावर रानफुलांचे हार चढतात. भोजनात या ऋतूचे खास पदार्थ म्हणजे लिंबू पिळून कच्चेच खाल्ले जाणारे आर्टिचोक, मिझिथ्रा नावाचे ताजे चीज, आणि ‘दाकोस’: जवाच्या कडक टोस्टावर पाण्याचा हबका मारून, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा व ऑलिव्हचे तेल घालतात. तेलाच्या बाबतीत क्रीटमध्ये हात आखडता घेण्याची रीत नाही.

अथेन्सजवळील पिरीअस बंदरातून रात्री सुटणाऱ्या आगबोटी सकाळी इराक्लिओ व सूदा येथे पोहोचतात. समुद्रस्नानाच्या अपेक्षेने येणाऱ्यास मेमधील पाणी गारच वाटेल. याच दिवसांत अधूनमधून ‘लिवास’ हा दक्षिणवारा सहाराची धूळ घेऊन येतो. तेव्हा आकाश पिवळट होते, डोंगर दिसेनासे होतात व घसा कोरडा पडतो; संग्रहालय पाहणे अशा दिवसासाठी राखून ठेवावे.