स्प्रिंगच्या वायरची गोष्ट

यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्यात १९९१ साली आमच्यापैकी एकाच्या घरचं लग्न होतं. मुहूर्त गोरज. फोटोग्राफरच्या खांद्याला बॅटरीची जड पेटी, हातात फ्लॅश, आणि दोघांना जोडणारी टेलिफोनला असते तशी स्प्रिंगची वायर. मंगलाष्टकं सुरू झाली आणि फ्लॅश पेटेना. “थांबा ना जी, भटजी!” म्हणत गड्यानं वायर दातानं सोलली, पीळ देऊन जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. तोवर अंतरपाट खाली आला होता. आजही त्या अल्बमात अक्षता आणि पंगत यांच्यामध्ये काहीच नाही.

ही वायर अशी वेटोळी का असते? आणि फोटोसाठी ती आली कुठून?

सुरुवातीला वायरचा प्रश्नच नव्हता. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून झगझगीत प्रकाश देणारी भुकटी केली. पेटवली की उजेड, धूर, आणि कधीकधी भाजलेला हात. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सूर्यप्रकाशावर भागला; कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’साठी (१९२३) कृत्रिम प्रकाश वापरला. पण स्टुडिओतले दिवे पाठीवर घेऊन कुणी हिंडत नाही. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना हिंडता आलं ते काचेच्या फ्लॅशबल्बमुळे. मुंबईत शिकलेल्या होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यावर हेच बल्ब वापरत. एक फोटो, एक बल्ब. तो पेटवायला हातातल्या नळीतले साधे सेल पुरत.

अडचण सुरू झाली इलेक्ट्रॉनिक फ्लॅशपासून. १९३१ पासून अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये हॅरॉल्ड एजर्टन वायूच्या नळीतून कपॅसिटरची वीज एका झटक्यात सोडून वेगवान वस्तूंचे फोटो घेऊ लागले. नळी पुन्हा पुन्हा वापरता येते, हा मोठा फायदा. पण कपॅसिटर आणि बॅटरी जड! हिशेब करून पाहा. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टपर्यंत भरला तर त्यात सुमारे ५४ ज्यूल ऊर्जा साठते. ती एका सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडली तर त्या क्षणापुरती शक्ती ५४ किलोवॅट! हे ओझं खांद्यावर आणि नळी हातात, अशी वाटणी झाली, आणि दोघांमध्ये वायर आली. सरळ वायर पायात येते, मंडपाच्या खांबाला अडकते. फोटोग्राफरला हात उंच करता आला पाहिजे आणि खाली घेतला की वायर आपोआप गोळा झाली पाहिजे.

उत्तर टेलिफोनवाल्यांकडे तयार होतं. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रिसीव्हरला रबराची वेटोळी वायर लागू लागली. त्यातली युक्ती तांब्यात नाही, वरच्या आवरणात आहे. तांब्याला वाकवलं की ते वाकतं, परत येत नाही. रबर मात्र सळईवर गुंडाळलेल्या अवस्थेतच गंधकाबरोबर तापवलं तर त्याच्या लांब रेणूंमध्ये पूल बांधले जातात आणि तो आकारच त्याचा ‘मूळ’ आकार होतो. पीव्हीसीमध्ये असे पूल नसतात. ते तापून मऊ होतं आणि थंड होताना नवा आकार धरतं. म्हणूनच मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत पीव्हीसीची वायर ठेवली की तिची वेटोळी ढिली पडतात. विदर्भात हे वेगळं सांगायला नको. पॉलियुरेथेनची वायर जास्त टिकते, पण महाग पडते. कारखान्यात आणखी एक करामत करतात: आकार बसल्यावर सगळी वेटोळी उलट दिशेनं फिरवतात. मग ती एकमेकांना घट्ट बिलगतात.

वेटोळ्याचा दुसरा गुण कमी लोकांना माहीत असतो. स्प्रिंग ओढली की तिची तार मुख्यतः ताणली जात नाही, पिळली जाते. आणि तो पीळ सगळ्या लांबीत थोडाथोडा वाटला जातो. म्हणून वायर मध्ये सहसा तुटत नाही. तुटते ती प्लगच्या तोंडाशी, जिथे रोज एकाच जागी वाकते. लोहाऱ्यातही ती तिथेच तुटली होती.

आता आपल्या मापाची वायर करायची तर? ५ मिलिमीटर जाडीची दुपदरी वायर ५ मिलिमीटरच्या सळईवर ५० वेढे गुंडाळली, तर स्प्रिंग २५ सेंटिमीटर होते आणि मीटरभर आरामात ताणते. पण आत प्रत्येक तार १५७ सेंटिमीटर लागते, जाऊनयेऊन ३१४. तारेचा छेद ०.२ चौरस मिलिमीटर असेल तर रोध ०.२७ ओहम. नंतरच्या फ्लॅशमध्ये कपॅसिटर हातातच आला, खांद्यावर फक्त ६ व्होल्टची बॅटरी राहिली. तिथून ५ अँपिअर वाहिले तर १.३५ व्होल्ट वायरच खाते, जवळजवळ पाव हिस्सा! फ्लॅश पुन्हा भरायला मग वेळ लागतो. ०.७५ चौरस मिलिमीटर घेतल्यास हानी ०.३६ व्होल्टवर येते, पण एकच जाड तार घातली तर स्प्रिंग आखडत नाही. म्हणून तेवढंच तांबं पुष्कळ बारीक केसांत विभागलेलं घ्यायचं.

त्या फोटोग्राफरची वायर ६ व्होल्टची होती, म्हणून दात लावणं निभावलं. जुन्या, कपॅसिटर पेटीत असलेल्या फ्लॅशच्या वायरीत शेकडो व्होल्ट असतात, बटण बंद केल्यावरही. तिथे जीव जाऊ शकतो. तसा जुना फ्लॅश शाळेच्या कपाटात सापडला तर मुलांना उघडू देऊ नका.

वर्गात करायला मात्र सोपं आहे. पीव्हीसीची बारीक वायर विणकामाच्या धातूच्या सुईवर घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं बांधा, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून गार पाण्यात बुडवा. ती बऱ्यापैकी आकार धरते. वेटोळी उलटी फिरवून फरक पाहा. ही वायर सेल आणि टॉर्चच्या बल्बलाच लावायची, भिंतीतल्या सॉकेटला कधीच नाही. दुसरी तशीच वायर करून दुपारभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी दोन्हींची लांबी मोजा.