महादेव कोळ्यांचे ऋतुचक्र (जुन्नर–आंबेगाव)

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी जमातीने शेती, रान आणि ओढे यांच्या आधाराने चालवलेली वर्षभराची रहाटी. आहुपे, तळेघर, इंगळून, आंबे-हातवीज अशा डोंगरगावांतल्या जुन्या माणसांना ती आजही महिन्यांच्या हिशेबाने तोंडपाठ आहे. शेजारच्या ठाकर-कातकरी वस्त्यांचे जगणेही याच डोंगरावर उभे राहिले.

वर्षाची सुरुवात राबाने. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा आणि माती यांचे थर रचून ते भाजायचे आणि पाऊस पडला की तिथेच भाताचे बी पेरायचे. लावणी खाचरात. उताराच्या वरकस जमिनीत आधी नाचणी, पुढच्या वर्षी वरई किंवा सावा, मग खुरासणी, आणि त्यानंतर जमीन पडीक. डोंगरउतारावर बांध घालून खाचर पाडणे एका घराच्या आवाक्यातले नसे. म्हणून कुटुंबे आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबत. ही पडकई. शेतीला हातभार म्हणून ती सांगितली जाते, पण जमीनच मुळात तिने तयार केली आहे.

एवढे करूनही भात वर्षाला पुरत नसे. ती तूट हिरडा भरून काढी. एप्रिल-मेच्या कडक उन्हात झाडावर चढून काठीने फांद्या झोडपायच्या, खाली बायका-मुलांनी कोवळी हिरवी फळे वेचायची आणि खडकावर तीन-चार उन्हे वाळवायची. आठळी धरण्याआधीचे हे फळ सुकून काळे, टणक झाले की तो बाळहिरडा. पिकलेला सुरवारी हिरडा निराळा. वाळवणीत वळीव आला की बुरशी धरते आणि भाव कोसळतो, त्यामुळे घरच्या सगळ्यांचा एक डोळा आभाळाकडे. व्यापारी मीठ-मिरचीच्या बदल्यात हिरडा उचलत, हे जुनी माणसे अजून सांगतात. 1972 मध्ये स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ पुढे खरेदीत उतरले. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात मात्र या पट्ट्यातली हिरड्याची झाडे मोठ्या संख्येने उन्मळली. हिरड्याचे झाड पुन्हा फळावर यायला वर्षे लागतात. भरपाईची मागणी त्यानंतरही बराच काळ चालू राहिली.

हिरड्याच्या पैशात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी होई. पाऊस लागला की डोक्यावर इरले, चुलीवर कुरडू, भारंगी, करटोली, ओढ्यातले खेकडे आणि मासे. कोणती भाजी पहिल्या पावसाची, कोणती उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, हे ज्ञान बहुतांशी बायकांकडे होते आणि आहे. पिके घरात आली की मजुरीसाठी खाली उतरायचे. नारायणगावच्या मजूर बाजारात आजही डोंगरातली माणसे उभी असतात.

घोड नदीवरच्या डिंभे धरणाने या चक्राचा तळच बुडवला. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही जलाशयात गेले. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेसोबत धरणग्रस्तांनी पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करण्याचा आणि जलाशयात मासेमारीचा हक्क मागितला; मोडत चाललेल्या पडकईलाही त्या कामातून बळ मिळाले. 1985 मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याने रानात जाण्याच्या वाटांवर बंधने आणली, हाही या आठवणींचा भाग आहे.

जमातीविषयीचे लेखन जुने आहे. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा जमातीवरचा ग्रंथ 1957 चा; जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी जमातीच्या आतून लिहिले. पण ऋतुचक्राचा तपशील अजून मोठ्या प्रमाणात तोंडीच आहे. या तोंडी आठवणींनाही आता वजन आहे: 2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन पुराव्यात धरले आहे. त्यामुळे हिरड्याची राखण कोणते घर करी, गुरे कुठवर चरत आणि पडीक जमीन कोणाच्या वहिवाटीची, या आठवणी ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे दाव्याच्या कागदांसोबत मांडता येतात.