७० वर्षांवरच्या सगळ्यांना मोफत उपचार: सरकारी तिजोरीला हे झेपेल का?

घरातल्या आजी-आजोबांचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळणार ना?

या कार्डावर नाही. ते कामाला येतं हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावर. ज्येष्ठांची संख्या वाढत असताना सरकारी पैशावरची आरोग्यसेवा टिकेल का, हे बरंचसं याच फरकावर अवलंबून आहे.

कार्डावर नेमकं काय मिळतं?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला हे कार्ड काढता येतं. उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरून धरलं जातं. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. घर आधीच आयुष्मान भारत योजनेत असेल, तर ७० वर्षांवरच्यांसाठी वेगळे ५ लाख. सरकारी अंदाजानुसार देशभरातले सुमारे ६ कोटी ज्येष्ठ यात बसतात. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा.

योजनेच्या नियमानुसार ॲडमिट होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस एवढ्या काळातल्या तपासण्या आणि औषधं यात धरली जातात. त्यानंतरच्या गोळ्यांसाठी हे कार्ड चालत नाही.

ज्येष्ठ किती वाढतायत?

२०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरचे लोक ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. आपल्याकडे जन्मदरही कमी आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार राज्यात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या अहवालानुसार देशातलं ज्येष्ठांचं प्रमाण २०२२ मध्ये १०.५ टक्के होतं, २०५० पर्यंत ते २०.८ टक्क्यांवर जाईल. म्हणजे कर भरणारे हात तुलनेने कमी आणि उपचार लागणारे जास्त.

जपानमध्ये काय झालं?

जपानने १९७३ मध्ये ७० वर्षांवरच्यांना उपचार मोफत केले. हॉस्पिटलं भरली. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून कित्येक वृद्ध महिनोन्महिने तिथेच राहू लागले. खर्च इतका वाढला की १९८३ पासून रुग्णांकडून पुन्हा थोडे पैसे घेणं सुरू झालं. २००० मध्ये घरच्या आणि दीर्घकालीन देखभालीसाठी वेगळा विमा आला. त्यासाठी चाळिशीपासूनच हप्ता भरावा लागतो. जपानने योजना गुंडाळली नाही, पण हॉस्पिटलबाहेरच्या देखभालीची सोय त्यांना उभी करावी लागली.

नाशिकमध्ये काय सोय आहे?

गोळ्यांसाठी कार्डाऐवजी केस पेपरची रांग धरायची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ओपीडी, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. नाशिकचं सिव्हिल हॉस्पिटल, शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं यात येतात. महापालिकेची बिटको, झाकिर हुसेन ही रुग्णालयं या विभागाची नाहीत, त्यांचे नियम वेगळे.

अडचण अंतराची आहे. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून नाशिकला तपासणीसाठी यायचं, तर एसटीच्या प्रवासात अख्खा दिवस जातो, सोबतच्या माणसाची मजुरीही बुडते. मग गोळ्या मध्येच सुटतात.

बीपीची रोजची गोळी काही रुपयांची असते. ती सुटल्यावर पक्षाघात झाला, तर आयसीयूचं बिल लाखात जाऊ शकतं. ॲडमिट झाल्यावर ते बिल याच योजनेतून, म्हणजे सरकारी तिजोरीतूनच भरलं जातं.

मग टिकेल का?

टिकू शकते, पण पैसा दोन ठिकाणी लागेल. एक, एकूण निधी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता आणि देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. दोन, गावाजवळचं उपकेंद्र. आताच्या ‘आयुष्मान आरोग्य मंदिरां’च्या १२ सेवांमध्ये वृद्धांची देखभाल कागदावर आहेच. तिथे गोळ्या नियमित मिळाल्या, फिजिओथेरपी आली, घरभेटी झाल्या, तर ॲडमिट व्हायची वेळ कमी जणांवर येईल.

आत्ता घरी काय करायचं?

- ७० पूर्ण झालेल्यांचं कार्ड आजारपण यायच्या आधीच काढून ठेवा. मोबाइलवर ‘आयुष्मान’ ॲपवरून काढता येतं. हेल्पलाइन १४५५५.
- तिशीनंतर बीपी-शुगरची तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात मोफत होते. ती आजोबांसोबत स्वतःचीही करून घ्या. २०५० च्या ज्येष्ठांमध्ये आज पस्तिशी ओलांडलेले आपणच असणार आहोत.